खरेदीचा भाव आणि दिलेला शब्द

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाच्या खाणीसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाते, आणि या दोन्ही धंद्यांत ‘भाव’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. गिऱ्हाईक दुकानात किंवा भट्टीवर विचारते तो विक्रीचा भाव, आणि विकणाऱ्याने तो माल किंवा त्यासाठी लागणारा कच्चा माल ज्या दराने घेतलेला असतो तो खरेदीचा भाव. विक्रीचा भाव सांगितल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. खरेदीचा भाव मात्र बहुतेक वेळा दोन व्यापाऱ्यांच्या दरम्यानच राहतो, आणि पुष्कळदा तो तसाच राहावा अशी लेखी अटही पुरवठादाराने घातलेली असते. “मलाच एवढ्याला पडले, हे बघा बिल,” असे म्हणून गिऱ्हाइकासमोर पुरवठादाराचे बिल धरणारा दुकानदार आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा देत असतो, पण त्याच क्षणी तो तिसऱ्याला दिलेला शब्द मोडत असण्याची शक्यता असते. हा शब्द कायद्याने कुठवर बांधतो, मोडल्यास काय भोगावे लागते, आणि कोणत्या प्रसंगी तो बांधतच नाही, हे तीन प्रश्न लहान गावातल्या व्यापाऱ्यालाही समजले पाहिजेत, कारण छापील करारावर सही करताना ते त्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे लागते की प्रत्येक खरेदीभाव गुप्त नसतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. चुनखडी अगदी शुद्ध असेल, तर १०० किलो दगडातून ५६ किलो चुना मिळतो. ज्याला हे प्रमाण ठाऊक आहे आणि दगडाचा, कोळशाचा, मजुरीचा व गाडीभाड्याचा चालू दर माहीत आहे, तो भट्टीवाल्याचा खर्च कागदावर बऱ्यापैकी अचूक मांडू शकतो. असा हिशेब स्वतःच्या अकलेने करणाऱ्याला किंवा तो गिऱ्हाइकाला सांगणाऱ्याला कोणताही कायदा अडवत नाही. जे बाजारात सर्वांना ठाऊक आहे, जे सरकारी कंपनी स्वतःच्या दरपत्रकात जाहीर करते, किंवा जे कोणीही थोड्या श्रमाने शोधू शकतो, ते गुपित ठरत नाही. मात्र एखाद्या पुरवठादाराने ठरावीक व्यापाऱ्याला वर्षभराच्या उचलीवर दिलेली खास सूट, उधारीची मुदत, किंवा दिवाळीनंतर हिशेबात वळती केली जाणारी रक्कम ही बाहेरून मोजता येत नाही. ती विश्वासाने सांगितलेली असते, आणि कायद्याचा संबंध मुख्यतः याच माहितीशी येतो.

गुप्ततेचा कायदा कुठे सापडतो

भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १९९५ मध्ये लागू झालेल्या बौद्धिक संपदाविषयक कराराच्या ३९ व्या अनुच्छेदाने सदस्य देशांवर अप्रकट माहितीला संरक्षण देण्याची जबाबदारी टाकली, आणि २२ व्या विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये सादर केलेल्या २८९ व्या अहवालात यासाठी वेगळा कायदा करावा अशी शिफारसही केली. आजवर न्यायालयांनी हे काम दोन आधारांवर चालवले आहे. पहिला आधार १८७२ च्या भारतीय करार कायद्याचा: दोन पक्षांनी गुप्तता पाळण्याचे ठरवले असेल, तर ते वचन इतर कोणत्याही वचनाइतकेच बंधनकारक असते. दुसरा आधार विश्वासभंगाच्या तत्त्वाचा: लेखी करार नसतानाही, जी माहिती विश्वासाने दिली गेली तिचा गैरवापर करून कोणी देणाऱ्याचे नुकसान करू नये, असे न्यायबुद्धी सांगते.

या दुसऱ्या तत्त्वाची मांडणी इंग्लंडमध्ये १९६८ साली निकाल लागलेल्या कोको विरुद्ध क्लार्क या खटल्यात सर्वांत सुबकपणे झाली आणि भारतीय न्यायालयेही तिचा आधार घेतात. तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: माहिती मुळात गुप्त स्वरूपाची असावी, ती गुप्तता पाळण्याचे बंधन निर्माण होईल अशा परिस्थितीत दिलेली असावी, आणि देणाऱ्याच्या संमतीविना तिचा वापर होऊन त्याला बाधा पोहोचलेली असावी. राजूरसारख्या गावात, जिथे निम्मे सौदे फोनवर आणि शब्दावर होतात, यांपैकी दुसऱ्या अटीतली जोखीम ओळखणे अवघड असते, कारण कागद नाही म्हणजे बंधनही नाही अशी समजूत सर्वत्र आढळते. “हा दर फक्त तुमच्यापुरता, कोणाला सांगू नका,” एवढे वाक्य किंवा मोबाइलवर आलेला तशा अर्थाचा संदेशही परिस्थितीनुसार गुप्ततेचे बंधन निर्माण करू शकतो.

पुरवठादाराची गुप्तता साखळीसारखी खालपर्यंत कशी पोहोचते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याचे आहे. टायरसाठी लागणारा धागा बनवण्याचे तंत्र या कारखान्याला हॉलंड आणि पश्चिम जर्मनी येथील दोन कंपन्यांनी १९६१ च्या कराराने दिले आणि ते गुप्त ठेवण्याची अट घातली. ती अट पाळता यावी म्हणून कारखान्याने आपल्या कर्मचाऱ्यांकडूनही गुप्ततेचे करार लिहून घेतले. पाच वर्षांच्या कराराने बांधलेला एक पर्यवेक्षक मुदत संपण्याआधीच कोटा येथील स्पर्धक कारखान्यात गेला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६७ च्या निकालात न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरता मनाई हुकूम कायम ठेवला. येथील गुपित तंत्राचे होते, भावाचे नव्हते, तरी त्यातून दिसणारी रचना भावालाही लागू पडते: पुरवठादार व्यापाऱ्याला बांधतो, व्यापाऱ्याने आपल्या मुनिमाला आणि दुकानातल्या मुलाला बांधलेले असावे अशी अपेक्षा असते, आणि साखळीचा सर्वांत खालचा दुवा सुटला तरी जाब मधल्याला द्यावा लागतो.

भाव हे गुपित ठरते का

भाव आणि तंत्र यांच्यात मात्र एक महत्त्वाचा फरक आहे, आणि तो इंग्लंडमधील फासेंडा चिकन विरुद्ध फाउलर या १९८६ च्या अपील न्यायालयाच्या निकालात नीट उलगडला आहे. गाड्यांतून ताज्या कोंबड्या विकणाऱ्या एका व्यवसायाच्या माजी नोकरांनी स्वतःचा तसाच धंदा सुरू केला, तेव्हा मूळ मालकाने ग्राहकांची नावे, फिरतीचे मार्ग, मालाची गरज आणि आकारले जाणारे भाव हे सारे गुपित असल्याचा दावा केला. न्यायालयाने माहितीचे तीन थर पाडले: सर्वांना उपलब्ध असलेली क्षुल्लक माहिती, नोकरीत असेपर्यंत गुप्त ठेवावी लागणारी, पण नोकरी सुटल्यावर नोकराच्या सामान्य अनुभवाचा भाग बनणारी माहिती, आणि नोकरीनंतरही उघड न करण्याजोगे खरे व्यापारी गुपित. या खटल्यातील भाव दुसऱ्या थरात बसले, म्हणून मालक हरला. पण काही परिस्थितींत भाव हेच गुपित ठरू शकतात, हेही न्यायालयाने मान्य केले.

मुंबई उच्च न्यायालयानेही हीच सावध वाट धरली आहे. नोकरीत असताना कर्मचाऱ्याच्या कानावर पडणारी प्रत्येक गोष्ट व्यापारी गुपित नसते, असे त्याने २००३ च्या स्टार इंडिया विरुद्ध लक्ष्मीराज सीताराम नायक या निकालात स्पष्ट केले. आणि बॉम्बे डाइंगच्या २०१० च्या एका निकालात गुपित ओळखण्याचे निकष मांडताना ती माहिती धंद्याबाहेर कितपत माहीत आहे, धंद्यातल्या किती जणांना ठाऊक आहे, ती जपण्यासाठी मालकाने कोणती खबरदारी घेतली, तिच्यासाठी किती पैसा व श्रम खर्च झाले आणि दुसऱ्याला ती मिळवायला किती वेळ व खर्च लागेल, हे पाहावे असे सांगितले. यातून व्यापाऱ्याने घ्यायचा बोध असा की ज्या पुरवठादाराने आपले दरपत्रक दहा डीलरांना सर्रास वाटले आहे, त्याचा गुप्ततेचा दावा दुबळा असतो. पण ज्याने एकाच डीलरशी वेगळा दर ठरवून करारात तो गुप्त म्हटला आहे, त्याचा दावा बळकट असतो. शिवाय करार स्वतःच भावाला गुप्त म्हणत असेल, तर तो भाव व्यापारी गुपिताच्या कसोटीला उतरला नाही तरी कराराचा भंग मात्र होऊ शकतो.

मोडलेल्या शब्दाची किंमत

कराराचा भंग झाल्यास त्याचे परिणाम चार दिशांनी येतात. पहिला, नुकसानभरपाई. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार भंगामुळे स्वाभाविकपणे झालेले किंवा करार करताना दोघांना अपेक्षित असलेले नुकसान भरून द्यावे लागते, पण दूरान्वयाने झालेले नुकसान मागता येत नाही. समजा, राजूरच्या एका बांधकाम साहित्याच्या दुकानदाराने आपल्याला मिळणारी खास सूट गिऱ्हाइकांना दाखवली, ती बातमी वणीच्या दुसऱ्या डीलरपर्यंत गेली आणि त्यानेही पुरवठादाराकडून तेवढीच सूट वसूल केली, तर त्या सुटीपोटी पुरवठादाराचे झालेले नुकसान मोजता येण्याजोगे आहे आणि ते पहिल्या दुकानदाराकडून मागितले जाऊ शकते. दुसरा परिणाम म्हणजे करारातच लिहून ठेवलेली दंडाची रक्कम. कलम ७४ नुसार ती रक्कम कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाईच देते, त्यामुळे करारात पाच लाख लिहिले म्हणजे पाच लाख द्यावेच लागतात असे नाही. तिसरा परिणाम मनाई हुकुमाचा, ज्यायोगे पुढचे उघडीकरण थांबवले जाते. चौथा, आणि लहान व्यापाऱ्याला प्रत्यक्षात सर्वांत जड जाणारा परिणाम म्हणजे डीलरशिप रद्द होणे, उधारी थांबणे आणि ठेव अडकणे. यासाठी पुरवठादाराला न्यायालयाची पायरीही चढावी लागत नाही.

त्यातच करारात लवादाचे किंवा ठरावीक शहरातील न्यायालयाचे कलम असेल, तर वणीच्या न्यायालयात होऊ शकणारा वाद मुंबईत किंवा दिल्लीत लढण्याची वेळ येते. सही केलेला कागद वाचला नव्हता हा बचाव सामान्यतः टिकत नाही. पांढऱ्यावर काळे करण्याआधी इंग्रजीतल्या कलमाचा अर्थ कोणाकडून तरी समजून घेणे, हा खर्च पुढच्या कोणत्याही वकिलाच्या फीपेक्षा स्वस्त पडतो.

दुकानातील नोकराची स्थिती वेगळी समजून घेतली पाहिजे. मालकाच्या संगणकातून परवानगीविना दरपत्रक उतरवून घेणे हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाईचा विषय होतो, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केले असेल तर कलम ६६ खाली गुन्हाही ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये फौजदारी विश्वासघाताची तरतूद आहे, मात्र ती सोपवलेल्या मालमत्तेविषयी असल्याने निव्वळ तोंडी सांगितलेल्या भावाला ती लावणे सोपे नसते. ज्या गिऱ्हाइकाच्या कानावर भाव सहज पडला, त्याच्यावर साधारणतः कोणतेही दायित्व येत नाही. पण ज्याने गुप्तता ठाऊक असूनही नोकराला फितवून तो मिळवला, तो विश्वासभंगात सहभागी ठरू शकतो.

ग्राहकाचा हक्क कुठे सुरू होतो

येथे ग्राहकाच्या बाजूने रास्त शंका निर्माण होते की, माहितीचा हक्क ग्राहकाला कायद्याने दिलेला असताना खरेदीभाव लपवणे योग्य कसे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. मात्र येथील किंमत म्हणजे ग्राहकाने मोजायची किंमत, विक्रेत्याने मोजलेली नव्हे. आवेष्टित वस्तूंवर छापील कमाल किंमत सक्तीची करणारे नियमही हेच तत्त्व पाळतात: अखेरचा आकडा उघड, मधले आकडे व्यापाऱ्यांचे. म्हणून खरेदीचे बिल पाहण्याचा हक्क ग्राहकाला नाही, आणि ते दाखवण्यास नकार देणारा दुकानदार ग्राहकाची फसवणूक करत नाही.

उलट, अपुरा खरेदीभाव उघड करणेच फसवणूक ठरू शकते. “खरेदीच्या भावात विक्री” अशी पाटी लावून जो बिलावरचा आकडा दाखवतो, पण वर्षअखेरीस मिळणारी सूट सांगत नाही, तो ग्राहकाला दिशाभूल करणारे चित्र देतो. २०१९ च्या कायद्याखाली अशी दिशाभूल करणारी जाहिरात थांबवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण व्यापाऱ्याला देऊ शकते, आणि उत्पादकाला किंवा जाहिरातीत मालाची शिफारस करणाऱ्याला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत व पुढील वेळी ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. याचा अर्थ असा की एकाच पाटीने दुकानदार पुरवठादाराचा विश्वास मोडतो आणि ग्राहकाचाही.

काही क्षेत्रांत मात्र समाजाने मधले आकडे उघड करण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतला आहे, आणि त्याची मुळे वऱ्हाडातच आहेत. आडत्यांनी हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी सौदा करायचा आणि माल पिकवणाऱ्याला भाव शेवटपर्यंत कळू नये, अशी रीत बाजारांत रूढ होती. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली, १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली बाजार समितीच्या आवारात उघड लिलावाची पद्धत रुजली. आज यवतमाळ म्हणून ओळखला जाणारा जिल्हा त्या काळी वणीच्या नावाने, म्हणजे वून जिल्हा म्हणून ओळखला जात असे, हे लक्षात घेतले म्हणजे हा इतिहास राजूरला परका वाटत नाही. जिथे एक बाजू इतकी दुबळी असते की गुप्तता तिच्या लुटीचे साधन बनते, तिथे कायदा गुप्ततेचा रुमाल काढून घेतो. हृदयरोगावरील स्टेंटच्या बाबतीतही असेच घडले: राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने पुरवठ्याच्या साखळीत किती नफा चढवला जातो याची आकडेवारी प्रसिद्ध केली, आणि १३ फेब्रुवारी २०१७ रोजी साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये व औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. हे उघडीकरण एखाद्या विक्रेत्याने मनाने केलेले नव्हते. ते कायद्याच्या अधिकाराने झाले, आणि म्हणूनच ते विश्वासभंग ठरले नाही.

सार्वजनिक पैशाचा प्रश्नही असाच निराळा आहे. राजूरच्या कोणा रहिवाशाने ग्रामपंचायतीने पाइप कोणत्या दराने घेतले, किंवा सरकारी कोळसा कंपनीने एखादे कंत्राट कोणत्या दराने दिले, असे विचारले, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू होतो. त्याच्या कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी विश्वासातील माहितीला संरक्षण आहे, पण व्यापक लोकहित असेल तर ते संरक्षण बाजूला सारता येते. आणि कलम ११ नुसार पुरवठादाराने गोपनीय मानलेली माहिती देण्यापूर्वी त्याला पाच दिवसांत नोटीस पाठवून म्हणणे मांडण्यास दहा दिवस द्यावे लागतात. निविदा उघडण्यापूर्वीचे दर गुप्त राहणे योग्यच असते, पण कंत्राट दिल्यानंतर जनतेच्या तिजोरीतून किती पैसे गेले हे दडवण्यास सहसा सबळ कारण उरत नाही. तसेच कर अधिकारी, न्यायालय किंवा तपास यंत्रणा यांनी कायद्याने मागितलेली माहिती देणे हा करारभंग होत नाही; कोणताही खासगी करार कायद्याच्या मागणीपेक्षा मोठा नसतो.

स्पर्धेच्या कायद्याची दुसरी धार

गुप्ततेच्या बाजूने एक सार्वजनिक कारणही आहे, ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते. पुरवठादारांना एकमेकांचे भाव कळले की त्यांनी स्पर्धा करण्याऐवजी संगनमत करण्याचा धोका वाढतो. भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्यांना मिळून ६,३०० कोटी रुपयांहून अधिक दंड केला, तेव्हा उत्पादक संघटनेच्या माध्यमातून होणारी भावविषयक माहितीची देवाणघेवाण हा त्या आदेशातील महत्त्वाचा मुद्दा होता. तो वाद पुढे अपिलांत अनेक वर्षे चालला. २०२३ च्या दुरुस्तीनंतर स्पर्धकांच्या संगनमताला जाणीवपूर्वक हातभार लावणारा मधला व्यापारीही त्या कराराचा भाग मानला जाऊ शकतो. एका कंपनीचा दर गिऱ्हाइकाच्या निमित्ताने दुसऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीपर्यंत नियमितपणे पोहोचवणारा डीलर म्हणूनच धोक्याच्या जवळ उभा असतो.

त्याच कायद्याची दुसरी धार पुरवठादारावर चालते. पुरवठादार स्वतःचा दर गुप्त ठेवण्यास सांगू शकतो, पण डीलरने ग्राहकाला किती सूट द्यावी हे ठरवण्याचा त्याचा आग्रह पुनर्विक्री किंमत नियंत्रण म्हणून आक्षेपार्ह ठरू शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने मारुती सुझुकीला डीलरांच्या सुटीवर नियंत्रण ठेवल्याबद्दल २०० कोटी रुपयांचा दंड केला आणि कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. यातून दुकानदाराच्या हक्काची सीमा नेमकी कळते: पुरवठादाराने त्याला दिलेला भाव हा विश्वासाचा विषय असतो, पण त्याने स्वतः ग्राहकाला द्यायचा भाव हा त्याच्या स्वतःच्या निर्णयाचा विषय असतो.

व्यवहारात यातून निघणारे नियम थोडे आणि स्पष्ट आहेत. ‘गोपनीय’ या शब्दाभोवतीचे कलम, दंडाची रक्कम, न्यायालयाचे ठिकाण आणि कायद्याने मागितल्यास माहिती देण्याची सवलत या चार गोष्टी सही करण्यापूर्वी पाहाव्यात. ती सवलत नसेल तर लिहून घ्यावी. गिऱ्हाइकाला समजावताना पुरवठादाराचे बिल न दाखवता आपल्या किमतीत भाडे, हमाली, कर आणि माल पडून राहण्याचा खर्च कसा धरला आहे हे सांगावे, कारण ती माहिती आपलीच असते. बाजारात जाहीर असलेले दर मोकळेपणाने सांगावेत. पुरवठादार अन्याय्य वागत असेल, तर त्याचा भाव चव्हाट्यावर मांडण्याऐवजी ज्या यंत्रणेला तो तपासण्याचा अधिकार आहे तिच्याकडे तक्रार करावी.

लहान गावातील व्यापार भांडवलापेक्षा उधारीवर अधिक चालतो, आणि उधारी शब्दावर चालते. जो दुकानदार पुरवठादाराचा भाव गिऱ्हाइकाला सांगतो, त्याच्याकडून आपल्या उधारीचा आकडा शेजाऱ्याला कळेल, अशी शंका त्याच गिऱ्हाइकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून गुप्ततेचे कलम पाळणे हे मोठ्या पुरवठादारापुढे झुकणे नव्हे. आपल्या वहीत ज्यांची नावे आहेत त्या सर्वांना दिलेल्या अलिखित हमीचा तो एक भाग असतो.